दात काढल्यानंतरची क्षमा

मुलांसाठी रचलेल्या भयकथेत राक्षसाचे शेवटी काय करावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता कथातंत्राचा वाटतो. त्याला मारावे, पळवून लावावे की माणसाळवावे, हे श्रोत्याच्या वयावर आणि कथाकाराच्या सोयीवर ठरत असावे, असे आपण गृहीत धरतो. तिसरा पर्याय अर्थातच सर्वांत सौम्य मानला जातो. परंतु या सौम्यतेकडेच थोडे रोखून पाहिले, तर तिच्या पोटात एक अवघड नैतिक प्रश्न दडलेला दिसतो. एखाद्याला निरुपद्रवी करणे आणि त्याला आपल्यांत सामावून घेणे, या दोन कृती एकच आहेत काय? अमेरिकी दूरचित्रवाणीने १९६०च्या दशकात साऱ्या कुटुंबाने एकत्र बसून पाहावेत म्हणून जे सणासुदीचे विशेष कार्यक्रम निर्माण केले, त्यांपैकी दोन या प्रश्नाच्या संदर्भात तपासण्यासारखे आहेत. दोन्ही नाताळचे आहेत, आणि दोहोंतही एक भयावह प्राणी शेवटी उत्सवात सामील होतो. साम्य येथेच संपते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगण्यासारखी आहे. युनिव्हर्सल चित्रसंस्थेचे जुने भयपट १९५७पासून दूरचित्रवाणी केंद्रांना एकगठ्ठा विकले गेले आणि ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस ही मंडळी चित्रगृहाच्या अंधारातून थेट दिवाणखान्यात आली. १९६४मध्ये तर ‘द मन्स्टर्स’ आणि ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ या दोन मालिकांनी त्यांना शेजारी आणि गृहस्थ करून टाकले. याच वर्षी, ६ डिसेंबरला, ‘रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर’ हा बाहुलीपट एनबीसी वाहिनीवरून दाखवला गेला. आर्थर रँकिन आणि ज्यूल्स बास यांच्या संस्थेची ही निर्मिती होती. बाहुल्या कणाकणाने हलवून एकेक चित्र टिपण्याचे तिचे कष्टाचे काम जपानमध्ये तादाहितो मोचिनागा यांच्या स्टुडिओत झाले. मूळ हरिण मात्र बाजारपेठेचे अपत्य. १९३९मध्ये माँटगोमेरी वॉर्ड या दुकानसंस्थेने गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटण्यासाठी काढलेल्या पुस्तिकेत रॉबर्ट मे यांनी त्याला जन्म दिला होता.

कथेचा जाहीर विषय आहे वेगळेपणाचा स्वीकार. रुडॉल्फचे नाक लाल आणि चकाकणारे, म्हणून बाप ते झाकू पाहतो आणि सवंगडी त्याला हिणवतात. हर्मी या बुटक्या कारागिराला खेळणी बनवावयाची नाहीत, दंतवैद्य व्हावयाचे आहे. तोही परागंदा होतो. त्यांच्या मागावर असतो तो बर्फाळ प्रदेशातला पांढरा, केसाळ, अजस्र राक्षस बंबल. शेवटी रुडॉल्फचे नाक वादळात वाट दाखवण्याच्या कामी येते, आणि हर्मीला दवाखाना काढण्याची परवानगी मिळते. वेगळेपण उपयुक्त ठरले की ते क्षम्य होते, हा या कथेचा हिशेब अनेकांच्या ध्यानात आलेला आहे आणि त्यावर येथे फार वेळ घालवण्याचे कारण नाही. मला अधिक अस्वस्थ करते ते बंबलचे प्रकरण. हर्मी डुकराचा आवाज काढून त्याला गुहेबाहेर बोलावतो, सोन्याचांदीच्या शोधात भटकणारा युकॉन कॉर्नेलियस वरून घाव घालून त्याला बेशुद्ध पाडतो, आणि मग हर्मी त्याचे सारे दात उपटून काढतो. पुढे हाच बंबल युकॉनबरोबर गावात येतो. आता तो गरीब झालेला असतो. शिडीवाचून झाडाच्या शेंड्यापर्यंत हात पोहोचणारा म्हणून त्याला काम मिळते आणि तो नाताळवृक्षावर चांदणी बसवतो.

येथे दोन बहिष्कृतांचे नशीब एकाच कृतीत गुंतलेले आहे, हे लक्षात घ्यावयास हवे. हर्मीचे वेगळेपण ज्या कौशल्यात आहे, ते कौशल्य प्रथमच सर्वांना पटते ते बंबलच्या जबड्यावर. एकाच्या वेगळेपणाला मान्यता मिळावी म्हणून दुसऱ्याचे वेगळेपण मुळासकट उपटले जाते. आणि कथा या दोन्ही गोष्टींना स्वीकार हे एकच नाव देते. कांटच्या परिभाषेत बोलायचे, तर रुडॉल्फ निदान स्वतःच्या कर्तृत्वाने साधन बनतो. बंबलला आधी खच्ची केले जाते, मग त्याची उंची वापरली जाते. त्याला कोणी काही विचारत नाही, आणि विचारले असते तरी उत्तर आले नसते, कारण या संहितेत त्याला भाषाच दिलेली नाही.

याच कार्यक्रमाच्या इतिहासातली एक घटना या संदर्भात बोलकी आहे. पहिल्या प्रसारणात नाकारलेल्या, सदोष खेळण्यांच्या बेटावर रुडॉल्फ मदतीचे वचन देऊन येतो, पण ते पाळले गेल्याचे दिसत नाही. प्रेक्षकांनी तक्रारी केल्या, आणि १९६५च्या प्रसारणात सांताक्लॉज त्या खेळण्यांना घेऊन जातो असा नवा प्रसंग जोडण्यात आला. म्हणजे प्रेक्षक न्यायबुद्धीने जागरूक होता, आणि निर्मातेही दुरुस्तीला तयार होते. ती दुरुस्ती खेळण्यांपर्यंत पोहोचली. दातांपर्यंत पोहोचली नाही. खेळणी बोलत होती, त्यांनी आपले दुःख सांगितले होते, हे त्याचे कारण असावे असे मला वाटते.

हे सारे पाहताना हसू येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते हसू काय करते, हे आपल्या रसविचाराच्या साहाय्याने नेमके सांगता येते. अभिनवगुप्ताने भयानक रसाचे उदाहरण म्हणून ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातले, दुष्यंताच्या रथापुढे धावणारे हरिण घेतले आहे. तेथील भय ना प्रेक्षकाचे, ना कोण्या विशिष्ट हरिणाचे. देशकालाच्या मर्यादा गळून ते साधारण होते, आणि म्हणूनच आपण शिकाऱ्याच्या रथात न बसता भिणाऱ्याच्या ठायी जाऊ शकतो. रुडॉल्फच्या कथेत पूर्वार्धात हरिण पळते आणि राक्षस पाठलाग करतो. गुहेबाहेरच्या प्रसंगात ही नाती उलटतात: आता बेसावध गाठला गेलेला प्राणी राक्षस आहे. साधारणीकरण खरोखर होत असते, तर भयाने येथे आपला आश्रय बदलला असता. परंतु नेमक्या त्याच क्षणी रस पालटतो. कोणत्याही रसाचा आभास हास्याला कारण होतो असे अभिनवगुप्तच सांगतो. बिनदातांचा राक्षस हा भयाचा असा आभास आहे. हास्य आले की कोण भ्यायले, कोणाला दुखले, हे प्रश्न मागे पडतात. आणि हे ज्या मुलांच्या बाबतीत घडवले जाते, त्यांना दंतवैद्याच्या खुर्चीची भीती कोणी समजावून सांगण्याची गरज नसते!

यावर असे म्हटले जाईल की पाच वर्षांच्या मुलासमोर याहून वेगळे काय ठेवणार? भय काढून टाकणे हेच तेथे दयेचे रूप. या युक्तिवादाला एक जुने प्रत्युत्तर १९३१च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये आहे. जेम्स व्हेलच्या या चित्रपटात राक्षस आणि लहानगी मारिया तळ्याकाठी फुले पाण्यात टाकण्याचा खेळ खेळतात. फुले संपतात, आणि मुलगीही फुलासारखी तरंगेल या समजुतीने तो तिला पाण्यात टाकतो. हा भाग भीषण म्हणून कापण्यात आला आणि कितीतरी वर्षांनी, १९८०च्या दशकात, परत जोडला गेला. मधल्या काळातल्या प्रेक्षकाला काय दिसले? राक्षस मुलीकडे हात पुढे करतो, आणि नंतर बाप तिचे निष्प्राण शरीर हातांवर घेऊन गावातून चालतो. मधले अज्ञान, मधली चूक, घाबरून पळून जाणारा राक्षस, हे सारे नाहीसे झाले आणि तेथे प्रेक्षकाने स्वतःच्या कल्पनेतले काहीतरी अधिक अमंगळ भरले. भय कमी करण्यासाठी चालवलेल्या कात्रीने राक्षसाचे निर्दोषत्व तेवढे कापून नेले. मेरी शेलीच्या १८१८च्या कादंबरीत हा प्राणी प्रकरणेच्या प्रकरणे बोलतो, आपल्या निर्मात्याशी न्यायाचा वाद घालतो. १९३१मध्ये त्याची वाणी गेली होतीच.

तो मुका राक्षस साकारणारे नट म्हणजे बोरिस कार्लॉफ. त्यांचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. एक गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही: सयामच्या दरबारातील शिक्षिका म्हणून प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅना लिओनोवेन्स या कार्लॉफ यांच्या आजीच्या सख्ख्या बहीण, आणि त्यांचा जन्म १८३१ साली अहमदनगरचा (म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा). आपले हिंदुस्थानी मूळ अ‍ॅनाबाईंनी जन्मभर लपवले आणि वेल्समध्ये जन्मल्याचे सांगितले. वेगळेपणावर रंग चढवून वावरणे म्हणजे काय, हे या घराण्यात कोणाला नवे नसावे. यापलीकडे या योगायोगावर मी काही उभारू इच्छित नाही.

१८ डिसेंबर १९६६ रोजी सीबीएसवरून ‘हाउ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस’ प्रसारित झाला, तेव्हा त्यातला निवेदक आणि ग्रिंच हे दोन्ही आवाज याच कार्लॉफ यांचे होते. डॉ. स्यूस यांच्या १९५७च्या पुस्तकावरून चक जोन्स यांनी तो दिग्दर्शित केला. पुस्तकातल्या ग्रिंचला हिरवा रंग नव्हता, तो येथे मिळाला. पस्तीस वर्षांपूर्वी ज्याची वाणी काढून घेतली होती, तो आता स्वतःची कथा स्वतः सांगतो, ही घटना मला त्या कार्यक्रमाच्या आशयाइतकीच महत्त्वाची वाटते. निवेदन आणि राक्षस यांचा कंठ एकच असल्यामुळे त्याच्याविषयी बोलणारा आणि त्याच्या आतून बोलणारा यांच्यात भिंत उभी राहत नाही. ग्रिंच डोंगरावरून उतरून साऱ्या हूगावाचा नाताळ लुटतो. पहाटे वर उभा राहून आक्रोशाची वाट पाहतो, आणि त्याला ऐकू येते गाणे. कोणी त्याला पकडत नाही, बांधत नाही, त्याचे काही उपटत नाही. त्याचे हृदय तिपटीने वाढते. चोरलेले सामान तो स्वतः परत आणतो आणि मेजवानीचे मांसही स्वतःच्या हाताने कापतो. सुरी त्याच्या हातात दिली जाते, हे विसरता कामा नये.

ग्रिंचचे परिवर्तन फार सोपे आहे, असा आक्षेप घेता येईल, आणि तो मला मान्य आहे. हृदय वाढण्याची घटना चमत्काराने घडते. तिच्यामागे कसले आत्मपरीक्षण दाखवलेले नाही. शिवाय तो गावात बसतो ते गावाच्या रीतीने. डोंगरावरच्या त्याच्या एकांताला काही मोल होते काय, याचा विचार तेथेही नाही. तरीही हूगावकरांनी एक जोखीम घेतलेली असते. ज्याने काल रात्री लुटले, तो आज मेजाशी बसला आहे आणि तो उद्या पुन्हा लुटू शकतो, कारण त्याची बोटे, त्याची धूर्तता, त्याची डोंगरावरची वाट शाबूत आहे. बंबलला जवळ करणाऱ्यांनी अशी कोणतीही जोखीम घेतलेली नाही. त्यांचा हिशेब गुहेबाहेरच पुरा झालेला होता. मग झाडापाशी त्यांनी जे दिले त्याला क्षमा म्हणावे की नेमणूक?

आज साठ वर्षांनंतरही हे दोन्ही कार्यक्रम दर डिसेंबरला पाहिले जातात. चांदणी बसवणारा बंबल पडद्यावर येतो तेव्हा मुले टाळ्या वाजवतात. तो त्यांच्याकडे वळून काही बोलत नाही.