पंक्तीचें शेवटचें ताट

मागच्या वर्षीं माघांत एका गांवच्या सप्ताहांत माझें कीर्तन झालें. विषय आहारशुद्धीचा होता. गीतेच्या सतराव्या अध्यायांत भगवंतांनीं अन्नाचे जे तीन प्रकार सांगितले, त्यांची मीं फोड केली. आयुष्य, बळ, आरोग्य वाढवील तें सात्त्विक. फार तिखट, फार खारट, जळजळ करील तें राजस. आणि रस गेलेलें, वास येणारें, कालचें उरलेलें, उष्टें, तें तामस. मंडळींनीं माना डोलावल्या. कीर्तन उतरल्यावर पायां पडणाऱ्यांच्या रांगेंत एक तिशीची बाई थांबली. पदर सांवरून म्हणाली, "महाराज, एक विचारू का? शिळं ते तामस म्हणालात. पण घरात रोज भाकरी उरते. टाकायची नाही, कारण अन्न परब्रह्म. मग ती खायची कुणी? रोज मीच खाते. मग तामस कोण झालं, मी का?"

"माउली, भाव शुद्ध असला म्हणजे झालं," असें कांहींतरी मी बोलून गेलों. ती हसली आणि निघून गेली. तें उत्तर नव्हतें, सुटका होती.

घरीं आलों. आमचें घर शेतकऱ्याचें आणि माळकऱ्याचें. चातुर्मासांत कांदा-लसूण वर्ज्य, एकादशी चुकत नाहीं, मद्यमांसाला तर तीन पिढ्या स्पर्श नाहीं. आमचें अन्न शुद्ध, असा मला मनांतून अभिमान होता. त्याच महिन्यांत सूनबाईंना हंडा उचलतांना घेरी आली. तालुक्याला नेलें. डॉक्टरीणबाईंनीं रक्त तपासलें. बाईमाणसाचें हिमोग्लोबिन निदान बारा असावें; सूनबाईंचें आठ निघालें. म्हणून आमच्या सौ.चेंही पाहिलें, तें नऊ. बाईंनीं विचारलें, "घरात खायला कमी आहे का?" मी म्हणालों, "देवाच्या कृपेनं कणगी भरलेली आहे." त्या म्हणाल्या, "मग या दोघी काय खातात ते एकदा नीट बघा."

चार दिवस मी ओसरीवर जपमाळ घेऊन बसलों आणि लक्ष मात्र स्वयंपाकघराकडे ठेवलें. आधीं मी आणि मुलगा, मग नातवंडें, मग गडी, मग त्या दोघी. आमच्या ताटांत गरम भाकरी, पालेभाजी, वरण, लिंबाची फोड, दह्याची वाटी. त्यांच्या ताटांत आदल्या वेळची भाकरी, भाजीच्या भांड्याचा तळ, ठेचा, आणि घांसाबरोबर चहा. जें अन्न तामस म्हणून मी गांवोगांव सांगत होतों, तें माझ्याच घरांत रोज वाढलें जात होतें. फक्त माझ्या ताटांत नव्हतें. गीतेचें वचन मीं पाळलें होतें, पण दुसऱ्याच्या पोटावर.

हें एकट्या माझ्या घरचें नाहीं. २०१९-२१ सालच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं सुमारें ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी होण्याला दुसरींही कारणें असतात. पण निम्म्याहून अधिक माउल्या अशा असतील, तर आपल्या पंक्तीच्या रीतीला दोष नाहीं असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

येथें शास्त्री मंडळी म्हणतील, कीं शेवटीं जेवणें हें तर पुण्य. यज्ञशेष खाणारा पापांतून सुटतो आणि केवळ स्वतःसाठीं रांधणारा पाप खातो, हें गीतेच्याच तिसऱ्या अध्यायांत आहे. खरें आहे. पण हा शेष कोणीं खावा? मनुस्मृतीचा तिसरा अध्याय काढून पाहावा. अतिथि, आप्त, चाकर जेवल्यावर जें उरेल तें 'दंपतीं'नीं खावें, असें तेथें आहे, आणि क्रियापद द्विवचनी आहे. नवऱ्यानें आधीं आणि बायकोनें मागून, असें नाहीं. मागून जेवायचें तें दोघांनीं. शिवाय त्याच्या दोनच श्लोक आधीं सांगितलें आहे, कीं नव्यानें लग्न होऊन आलेल्या मुली, कुमारिका, आजारी आणि गर्भिणी यांना अतिथीच्याही आधीं, मागचा पुढचा विचार न करतां वाढावें. या ग्रंथाला आज स्त्रियांच्या बाबतींत पुष्कळ बोल लागतो, आणि तो सर्वस्वीं अन्यायानें लागत नाहीं. तो ग्रंथसुद्धां या एका गोष्टींत माझ्या स्वयंपाकघरापेक्षां पुढें होता.

आहार शुद्ध झाला म्हणजे चित्त शुद्ध होतें, असें छांदोग्यांत आहे. त्यावर रामानुजाचार्य अन्नाचे तीन दोष टाळायला सांगतात. एक जातीचा, म्हणजे पदार्थाच्या मूळ गुणाचा. दुसरा आश्रयाचा, म्हणजे तें कोणापासून आलें याचा. तिसरा निमित्ताचा, म्हणजे केंस, माती वगैरे पडल्याचा. पहिल्याला आणि तिसऱ्याला आपण फार जपतों. दुसऱ्याचा अर्थ लोकांनीं शिवाशिवीकडे नेला; तो नाथमहाराजांनीं श्राद्धाचें अन्न भुकेल्यांना, गांवानें दूर ठेवलेल्यांना वाढून मोडून काढला. मला आतां असें वाटतें, कीं ज्या माणसाच्या कष्टावर आणि ज्याच्या भुकेवर आपलें ताट उभें आहे, तोच त्या अन्नाचा आश्रय. तो उपाशी असेल तर कांदा-लसूण सोडून काय मिळवलें?

नामदेवरायांची कथा आपण सारे सांगतों. कुत्र्यानें भाकरी पळवली, आणि कोरडी खाऊं नको म्हणून नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवले. ही कथा सांगतांना माझा कंठ दाटतो, श्रोते डोळे पुसतात. मग आम्ही घरीं येतों. तेथें कोरडी भाकरी खाणारी कोण, आणि तिच्यामागें तुपाची वाटी घेऊन उठणारा कोण?

आतां व्यवहाराचें बोलूं, नाहींतर हेंही नुसतें कीर्तन होईल. डॉक्टरीणबाईंनीं गोळ्या दिल्या आणि आहार सांगितला. त्यांत परदेशचें कांहीं नव्हतें. बाजरी, माठ-मेथीसारख्या पालेभाज्या, मटकी-हरभरा, तीळ, अळीव. जेवणाबरोबर लिंबू किंवा आवळा, कारण त्यानें अन्नांतलें लोह अंगीं लागतें. आणि चहा जेवणाच्या घांसाबरोबर नको, तास-दीड तास अंतरानें, कारण तो तें लोह अडवतो. माळ्यावर टाकलेली लोखंडी कढई आम्ही खालीं काढली.

शिळ्याचाही विवेक आहे. शिजलेला भात उन्हाळ्यांत रात्रभर बाहेर राहिला तर त्यांत जें विष धरतें, तें पुन्हां तापवून जात नाहीं. तो कोणींच खाऊं नये, घरच्या बाईनें तर नाहींच. सकाळची भाकरी संध्याकाळीं दुधांत किंवा ताकांत कुस्करून खाल्ली, तर तिनें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. मनुस्मृतीनेंही तुपातेलांतल्या आणि गहूं-जवाच्या शिळ्या पदार्थांना मोकळीक दिली आहे. तेव्हां उरूं नये इतकेंच रांधावें, त्यासाठीं जेवणाऱ्यांनीं आधीं सांगावें. आणि उरलेंच तर ती भाकरी सर्वांच्या ताटांत तुकडा तुकडा पडावी, पहिला तुकडा घरच्या कर्त्याच्या.

एकादशीचेंही तसेंच. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी यांवांचून आम्हांला एकादशी वाटत नाहीं. पण साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, बटाटा, भुईमूग आणि मिरचीसुद्धां अमेरिका खंडांतून आलेली, वास्को द गामा १४९८ सालीं कालिकतला उतरला त्यानंतर. ज्ञानोबारायांची समाधि १२९६ सालची. माउलींच्या एकादशीला यांतलें कांहींच नव्हतें, तरी ती पूर्ण होती. साबुदाण्यांत पीठ आहे, रक्त वाढवील असें फारसें कांहीं नाहीं. आणि उपवासाच्या दिवशीं घरांतल्या बाईला दुप्पट चूल पेटवावी लागली, तर त्या दिवशीं देवाजवळ बसलें कोण? आमच्याकडे आतां एक पदार्थ आणि एक फळ. अशक्त आणि गरोदर बाईनें कडक उपवास करूं नये, असें मी कीर्तनांतही सांगतों.

घरचा नियम असा केला, कीं मुलें, गडी आणि सूनबाई आधीं; आम्ही दोघें शेवटीं, एकत्र. पहिल्या दिवशीं सौ. संकोचल्या. दुसऱ्या दिवशीं म्हणाल्या, "अहो, तुम्ही शेवटी बसता म्हणून आता भाजी उरायला लागली." मी काय बोलणार? सहा महिन्यांनीं सूनबाईंचें रक्त अकरावर आलें. त्यांत गोळ्यांचा वांटा आहेच, ताटाचाही आहे.

यंदा माघांत त्याच गांवीं पुन्हां गेलों. ती बाई पंक्तींत वाढीत होती. तिला बोलावून म्हणालों, "ताई, तुमचं उत्तर राहिलं होतं. तामस तुम्ही नव्हता. जे एकटीच्या ताटात टाकलं जातं, ते टाकणाऱ्याचं तामस." तिनें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "महाराज, हे मला सांगून काय उपयोग? पुरुषमंडळींना सांगा. मासिक तेच वाचतात."

म्हणून हें लिहिलें. रामकृष्णहरि.