बुजवलेला जिना

मृताची इच्छा जिवंतांवर किती काळ बंधनकारक असावी? इच्छापत्र कागदाचे असेल तर कायदा आपल्यापुरते उत्तर देतो. ते दगडाचे असेल आणि त्यावरून तेराशे वर्षे लोटली असतील, तर मात्र मनुष्याला स्वतःच विचार करावा लागतो. मेक्सिको शहरातील आपल्या वकिलातीत कारकुनी करण्याचा योग मला आला होता. तेव्हा एका सुट्टीत चियापास प्रांतातील पालेंके या अरण्यातल्या गावी गेलो असता हा प्रश्न माझ्यापुढे आला.

गावात पाहण्यासारखे काही नाही. जे आहे ते भोवतालच्या रानात. मिसोल-हा येथे धबधब्याच्या मागून पायवाट जाते आणि पाण्याच्या पडद्याआडून रान पाहावयास मिळते. आग्वा आसुलचे पाणी चुनखडीच्या क्षारांमुळे असे निळे दिसते की, कोणी रंग कालवला असावा अशी शंका यावी. माया लोकांचे प्राचीन नगर गावापासून सातआठ किलोमीटरांवर आहे. तेथे पहिल्याने ऐकू येते ती डरकाळी. ती माकडांची आहे असे सांगूनही माझा जीव लवकर थाऱ्यावर येईना.

तेथील शिलालेखांच्या मंदिरात १९४९ साली आल्बेर्तो रूस या संशोधकाने फरशीतील एक शिळा उचलली. खाली जिना होता आणि तो दगडमातीने भरलेला होता. तो कोसळून बुजला नव्हता. बांधणाऱ्यांनीच बुद्ध्या बुजवला होता. तो उपसण्यात हंगामांमागून हंगाम गेले. १९५२ मध्ये तळाशी पाकाल राजाची शवपेटी सापडली. इ. स. ६१५ ते ६८३ राज्य केलेल्या या राजाच्या मुखावर हिरव्या जेडचा मुखवटा होता. विशेष हे की, कबरीपासून जिन्याच्या कडेने वरपर्यंत एक पोकळ दगडी नळी ठेवलेली होती. राजा कोणाला दिसू नये, तथापि त्याच्याशी असलेला संबंध तुटू नये, असाच त्या लोकांचा हेतू असावा.

मग आपण तो जिना का उपसला? ज्ञानासाठी, हे उत्तर मला पूर्वी पोकळ वाटत असे. परंतु १५६२ साली मानी येथे दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया पोथ्यांची होळी केली, हे विसरून चालणार नाही. १९७३ मध्ये याच गावी जमलेल्या अभ्यासकांनी शिलालेखांवरून येथील राजांचा क्रम लावला. वाटेवर मातीच्या बाहुल्या विकणारा चोल मुलगा घरी जी भाषा बोलतो, ती त्या लेखांच्या भाषेची जवळची नातलग आहे. त्याला आपल्या राजाचे नाव परत मिळाले, हे थोडे नव्हे. मुखवटा मात्र राजधानीतील संग्रहालयात गेला, १९८५ च्या नाताळात तेथून चोरीस गेला आणि १९८९ मध्ये सापडला. मीही तो काचेपलीकडून पाहिला, आणि पाहण्यात मला आनंद झाला हे नाकारीत नाही.

कबरीच्या दाराबाहेर आणखी पाच-सहा जणांचे सांगाडे निघाले होते. राजाच्या सोबतीसाठी बळी दिलेल्या या माणसांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. जिना तसाच राहता तर ती होती हेसुद्धा कोणाला कळले नसते. येथे माझा विचार अडला. बुजवलेल्या जिन्याला आपण राजाची इच्छा म्हणतो. पण त्याखाली राजाबरोबर ज्यांना झाकले, त्यांची इच्छा कोणी विचारली होती?

हे सारे मला निवांतपणे लिहिता आले असते, जर माझ्या पेटीत एक गठ्ठा नसता. वडिलांच्या पश्चात तो निघाला. सुतळीने बांधलेली पत्रे, आणि वर त्यांच्या हस्ताक्षरात ‘न वाचता जाळावीत’ एवढेच. आईचे म्हणणे, जाळून टाक. आमच्या घरात एका आत्याचे नाव कधी घेतले जात नसे. ती घर सोडून गेली आणि पुढे नागपुरास होती, असे लहानपणी एकदा कानावर आले होते. परवा दिव्याखाली धरून वरच्या पाकिटावरील पोस्टाचा शिक्का पाहिला. तो नागपूरचा आहे. सुतळी अजून सोडलेली नाही.