तळाला गेलेले फूल

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

आजच्या चिंतनासाठी गीतेच्या नवव्या अध्यायातला सव्विसावा श्लोक घेतला आहे. आपल्यापैकी बहुतेकांना तो पाठ असेल. भगवंत तिथे अगदी साध्या चार वस्तू मागतात: पान, फूल, फळ आणि पाणी. भक्तीने दिले तर एवढ्यावरही मी तृप्त होतो, असा त्यांचा शब्द आहे. मी हा श्लोक लहानपणापासून म्हणत आले. पण देवाला वाहिलेले फूल पुढे जाते कुठे, हा प्रश्न मला पडायला वयाची साठी ओलांडावी लागली. तीही मालवणच्या बंदरात.

मागच्या डिसेंबरात आम्ही सगळे मालवणला गेलो होतो. जेट्टीवर ही गर्दी! सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणाऱ्या होड्या, समुद्राखालचे जग दाखवणाऱ्या होड्या, सेल्फी काढणारी पोरं. नातवाने हट्ट धरला, "आजी, तू पण ये पाण्यात." डोळ्यांना चष्मा, तोंडात नळी आणि धरायला टायरची ट्यूब. मनात सिद्धेश्वराचे नाव घेतले आणि पाण्यात तोंड घातले.

काय सांगू मंडळी! खाली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे, आणि अक्रोडाच्या गरासारखे नक्षीदार खडक. मी हात पुढे केला तर बरोबरचा मुलगा म्हणाला, "काकी, हात लावू नकात, तो जिवंत आसा." तो खडक नव्हता, प्रवाळ होते. हजारो इवल्या जिवांनी मिळून बांधलेले घर. काही प्रवाळ तर वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. म्हणजे हातभर उंचीचे प्रवाळ माझ्या सासूबाईंच्या वयाचे असू शकते. नांगराच्या एका फटक्यात ते मोडते. वरून गाळ बसला की गुदमरते, कारण त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला ऊन लागते आणि त्या शेवाळावरच त्याचे पोट चालते. या किनाऱ्याला १९८७ साली सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला, तो अशाच जिवांसाठी.

आणि तिथेच, प्रवाळाच्या खाचेत, वेफरचे पाकीट अडकलेले होते. शेजारी नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा. वर आलो तर होडीत कुणीतरी माशांना बिस्किटाचा चुरा टाकत होते, फोटो चांगला यावा म्हणून. आमच्या नातवानेही टाकला. मी काही बोलले नाही. बोलायला हवे होते.

घरी आल्यावर मी यावर थोडे वाचले. बंदराचा तळ म्हणजे जणू जमाखर्चाची वही. होडीच्या बुडाला शिंपले चिकटू नयेत म्हणून विषारी रंग लावतात, तो हळूहळू झिरपून खालच्या चिखलात बसतो. फ्रान्समध्ये आर्काशाँ नावाचा उपसागर आहे, हौशी होड्यांनी गजबजलेला आणि कालवांसाठी प्रसिद्ध. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कालवांची पैदास बसली, शिंपले वेडेवाकडे होऊ लागले. कारण निघाले होड्यांच्या रंगातले ट्रायब्युटिल्टिन नावाचे रसायन. काही जातींच्या समुद्री गोगलगाईंत तर त्याने माद्यांना नराचे अवयव फुटले. फ्रान्सने १९८२ मध्ये छोट्या होड्यांसाठी तो रंग बंद केला, जगभरच्या जहाजांवर बंदी यायला २००८ उजाडले. तरी जुन्या बंदरांच्या चिखलात ते विष पुढे कितीतरी वर्षे सापडत राहिले. होडीवाल्यांच्या मनात कुणाला मारायचे नव्हते. त्यांनी फक्त होडी रंगवली होती.

हे वाचले आणि मला माझी पिशवी आठवली.

सोमवारी सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाताना घरच्या निर्माल्याची पिशवी न्यायची आणि तळ्यात सोडायची, हा आमच्या घरचा नेम. सासूबाईंनी तो मला लावून दिला, मी तो तीस वर्षे पाळला. पिशवीला गाठ मारून, हात जोडून. आधी कागदाची पिशवी असायची, मग प्लास्टिकची आली. माझ्या लक्षातही आले नाही.

आता हिशोब करा. फुले, पाने, नारळाच्या शेंड्या तळाशी कुजतात. कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात. मग शंख-शिंपले जातात, आणि चिखलात राहतात फक्त लाल अळ्या आणि गांडुळासारखे बारके किडे, ज्यांचे कमी प्राणवायूत भागते. चिखलाला सडक्या अंड्याचा वास मारतो. रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू घेतात, म्हणून उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. अशाच एका पहाटे मी काठावर मासे तोंड वर काढून आ वासताना पाहिले होते. तेव्हा मला वाटले, मासे देवाचे दर्शन घ्यायला वर आलेत! त्यांचा जीव जात होता, आणि मी हात जोडून उभी होते.

वाचकहो, हे तळे कुणाचे? बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन ते खोदले. खणणे, गाळ उपसणे हीच त्यांची पूजा. कायक म्हणतात ते हेच. त्यांनी चिखल बाहेर काढून देवाला पाणी वाहिले, आणि आम्ही त्यांच्या पाण्यात पुन्हा चिखल भरतो, तोही भक्तीने.

आता पुन्हा श्लोकाकडे येऊ. त्याच अध्यायात बावीस श्लोक आधी भगवंत सांगतात की सगळी भूते माझ्यात राहतात. सगळी म्हणजे प्रवाळही, तळ्याच्या चिखलातला शिंपलाही. मग वर ज्याच्यापुढे मी फूल ठेवते, खाली त्याच्याच अंगावर माझी पिशवी जाऊन पडते. फुलातला भाव देवाने देव्हाऱ्यातच घेतला. उरलेल्या पाकळ्या कुठे ठेवायच्या, ही जबाबदारी माझी आहे. ती त्याच्या पाण्यावर ढकलून मोकळे होणे, याला भक्ती कसे म्हणू?

मी सासूबाईंना सांगितले, आजपासून निर्माल्य तळ्यात नाही. त्या भडकल्याच. "देवाचं फूल घंटागाडीत घालणार काय गं तू?" दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचे वय ब्याऐंशी. माझे मिस्टर आजारी होते तेव्हा त्यांनी त्याच तळ्याकाठी नवस बोलला होता. त्यांची श्रद्धा दुखवायची मला हिंमत नव्हती, आणि पिशवी सोडायचीही नव्हती.

शेवटी परसात जास्वंदीच्या बुडाशी हातभर खड्डा घेतला. निर्माल्य त्यात, वर मूठभर माती. तिसऱ्या महिन्यात जास्वंद लगडली. एका सोमवारी सासूबाई स्वतः काठी टेकत गेल्या, फूल तोडले आणि देवाला वाहिले. म्हणाल्या काहीच नाही. ओटीचा नारळ अजून त्या तळ्यासाठी बाजूला काढून ठेवतात. तो मी हळूच प्रसादाला फोडते. एक दिवस तेही बोलावे लागेल.

आजचा संकल्प छोटासा. देवाला जे वाहाल, ते पुढे कुठे जाणार हे आधी ठरवा. आणि सहलीला गेलात तर समुद्रात काही टाकू नका, माशाला बिस्किटसुद्धा नको. नातवाला मी हे परवा सांगितले. उशिराच, पण सांगितले.

देवा सिद्धरामा, जे माझ्या डोळ्यांआड तळाशी आहे, त्यातही तू आहेस, याची आठवण मला राहू दे.

हर हर महादेव!