चाळीतला कांदा आणि पोराचा 'का?'

उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरायचे दिवस आले की चांदवड तालुक्यातल्या घराघरांत निवडानिवड चालू असते. मोठ्यांच्या शेजारी बसून चार-पाच वर्षांचं पोरही गोल्टी, म्हणजे बारीक कांदे, बाजूला काढतं. लहान-मोठं ताडायचं, जोड कांदा ओळखायचा, ढीग वेगळे लावायचे. बालवाडीत गणिताची सुरुवात याच वर्गीकरणाने होते. फक्त 'हा गोल्टीत का टाकलास?' असं त्याला कुणी विचारत नाही. ते विचारायला हवं. कारण सांगताना ते पोर आपण काय केलं याचा पहिल्यांदा विचार करतं.

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, कला आणि गणित लहानपणीच एकत्र भेटावं, असं आता सगळेच म्हणतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही वयाची तीन ते आठ वर्षं शिक्षणाचा पाया मानली. मग पालक दुकानातल्या महागड्या संचांकडे बघतात आणि 'आपल्याला कुठलं परवडतं' म्हणून गप्प होतात. मला याचं फार वाईट वाटतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. माँटेसरीची महाग साधनं बाजूला ठेवून त्यांनी आदिवासी मुलांच्या हाती शंखशिंपले, बिया, पानं, खडे दिले. तिथे शिंपले होते, चांदवडला कांदा आहे.

चाळ जमिनीपासून उंच का, तिच्या बाजूंना फटी का? काढल्यानंतरही कांदा जिवंत असतो, त्याचा श्वास चालू असतो. त्यातून ऊब आणि ओल सुटते, ती वाऱ्याने निघून जायला हवी. पण हे उत्तर पोराला लगेच देऊ नये. थोडे कांदे घट्ट झाकणाच्या डब्यात, थोडे दुरडीत ठेवावेत आणि काही आठवड्यांनी त्यालाच उघडून बघू द्यावं. काड्यांची छोटी चाळ बांधू द्यावी. ती कोसळली तर कुठला खांब आधी वाकला, ते शोधू द्यावं.

कांद्याची टरफलं उकळली की पिवळसर-तांबूस रंग मिळतो. आडवा चिरलेला कांदा त्यात बुडवून कागदावर दाबला की वर्तुळात वर्तुळं उमटतात. मग चांदवडमधल्याच होळकरांच्या रंगमहालात नेऊन लाकडावरची नक्षी दाखवावी. कुठली आकृती पुन्हा आली, हे मूल आपणहून बोटाने दाखवू लागतं.

पुढे माध्यमिक शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा दिसेल, एकाला एक लागून असलेल्या पेशी दिसतील. चिरताना त्या फुटतात, एक वायू सुटतो आणि डोळ्यांना झोंबतो, हे तेव्हा कळेल. पण 'आई, तू रडतेस का?' हे त्याने चौथ्या वर्षीच विचारलेलं असतं. त्याच दिवशी आईने एक कांदा कोरडा चिरावा, दुसरा गार पाण्यात भिजवून, आणि डोळ्यांना जास्त पाणी कधी आलं, हे त्यालाच जवळ बसून बघू द्यावं.