एका कागदावरचा वसंत

वनस्पती उद्यानात फूल एका सकाळीही सापडते. वसंत पाहायचा तर त्याच झाडांकडे पुन्हा पुन्हा जावे लागते. महाराष्ट्रात तो पानगळीतच सुरू होतो. फेब्रुवारीत काटेसावर आणि पांगारा निष्पर्ण फांद्यांवर फुलतात, त्यामुळे झाडाचा सांगाडा आणि रंग एकाच वेळी दिसतात. रेखाटनाला याहून चांगला काळ नाही. महिन्या-दीड महिन्यात पालवी येते आणि फांद्यांची वळणे झाकली जातात.

पळसाचा केशरी रंग कागदावर उतरवताना अनेकदा फिका पडतो. झाडावर तो पेटल्यासारखा वाटतो तो त्याच्या मखमली, काळपट निदलपुंजामुळे. तो गडद भाग जवळून पाहिला नाही, तर रंगपेटीतला कितीही तेजस्वी केशरी अपुराच ठरतो.

मुंबईत भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये खुली झाली. प्राणी पाहायला येणाऱ्यांच्या गर्दीत तिची वृक्षसंपदा दुर्लक्षित राहते, ही खेदाची गोष्ट आहे. इथल्या उर्वशीची आणि सीतेच्या अशोकाची कोवळी पाने तांबूस झुबक्यांसारखी लुळी लोंबतात. मग ताठ होत हिरवी होतात. त्यांतला लाल रंग अँथोसायनिनचा. हरितद्रव्य पुरेसे भरेपर्यंत कोवळ्या पानाला प्रखर उन्हापासून त्याचे संरक्षण मिळते, असे मानले जाते. कुसुमाची पालवी तर इतकी लाल असते की लांबून झाड फुलल्याचा भास होतो. वसंताचे चित्र म्हणजे फुलांचे चित्र, ही समजूत या पानांपुढे टिकत नाही.

रंग हा काळाचाही हिशेब ठेवतो. वायवर्णाची फुले पांढरट उमलतात आणि जुनी होताना पिवळी पडतात. एकाच घोसात दोन्ही छटा असतात. ताम्हणाच्या चुरगळल्यासारख्या जांभळ्या पाकळ्या उन्हात फिकटतात. बहाव्याचा घोस देठाकडून टोकाकडे उमलत जातो, म्हणून वर पूर्ण फुले आणि खाली कळ्या असतात. ज्याने हा क्रम पाहिला आहे, त्याच्या चित्रात घोसाला दिशा असते. नुसता पिवळा रंग शिंपडून ती येत नाही.

जुन्या वनस्पतिचित्रकारांनी हीच गोष्ट एका कागदावर आणली. जहांगीर बादशहा १६२० च्या वसंतात काश्मीरमध्ये होता. तिथल्या फुलांची शंभराहून अधिक चित्रे उस्ताद मन्सूरने काढल्याची नोंद त्याने आत्मचरित्रात केली आहे. पुढे कलकत्त्याजवळच्या शिबपूर उद्यानात विल्यम रॉक्सबर्ग यांनी भारतीय चित्रकारांकडून अडीच हजारांच्या आसपास चित्रे करवून घेतली. पुण्याजवळ दापोडीच्या उद्यानात अलेक्झांडर गिब्सन यांच्यासाठी १८४७ ते १८५० या काळात काढलेली चित्रे आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. ती काढणाऱ्या चित्रकाराचे नावही नोंदले गेले नाही, आणि इतक्या बारकाईने पाहणाऱ्या माणसावर हा अन्यायच आहे.

अशा शास्त्रीय चित्रात कळी, फूल, फळ आणि बी पुष्कळदा एकाच पानावर मांडलेली असतात. निसर्गात त्यांच्यामध्ये कित्येक आठवड्यांचे अंतर असते. काटेसावरीचे लाल फूल फेब्रुवारीत मिळते, तिचा कापूस उडतो तो एप्रिल-मेमध्ये. पळसाच्या चपट्या शेंगेच्या टोकाला असलेले एकुलते एक बी पाहण्यासाठी फुलांची आरास संपल्यावरही त्या झाडाखाली जावे लागते, आणि नेमके तेव्हाच तिकडे कोणी फिरकत नाही. फुलांच्या भरात काढलेला कागद कडेला मोकळा ठेवला, तर पुढच्या फेऱ्यांतले तपशील त्यावरच भरता येतात. मुक्त शैलीत रंगवणाऱ्यालाही ही सवय उपयोगी पडते, कारण फांदीवर कोणता भाग जून आणि कोणता कोवळा हे तिच्यामुळे हाताला कळू लागते.

काही झाडे ही वाट पाहणे कमी करतात. बहाव्याच्या शेंगा पिकायला जवळजवळ वर्ष घेतात. त्यामुळे मे महिन्यात ताज्या पिवळ्या घोसांशेजारी गेल्या हंगामातल्या लांबलचक काळपट शेंगा लटकत असतात, आणि फूल व फळ दोन्ही एकाच बैठकीत रेखाटता येतात.