यंत्राची फेक आणि विसोबांचे पाय

एकट्याने सराव करायचा, तर फ्रिस्बी फेकणार कोण? घरगुती तोड सोपी आहे: मोटारीवर फिरणारे रबरी चाक, समोर लाकडी पट्टी. मधल्या फटीत तबकडी सरकवली की चाक तिला पुढे ढकलते आणि गरगर फिरवतेही. त्या गिरकीमुळेच ती हवेत कलंडत नाही.

पण गुरूविना, सोबत्याविना शिकणे कितपत पुरते? हिंगोली जिल्ह्याला हा प्रश्न जुनाच. संत नामदेवांची नरसी इथलीच. विठ्ठलाच्या या लाडक्या भक्ताला गोरोबा कुंभारांनी, गुरू नाही म्हणून, कच्चे मडके ठरवले, अशी कथा आहे. मग नामदेव गुरूच्या शोधात याच जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला गेले, तर ज्यांना गुरू करायचे ते विसोबा खेचर शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून खुशाल पडलेले! नामदेवांनी पाय उचलून बाजूला ठेवले. जिथे ठेवावे तिथे पिंड.

यंत्र असे चकवणार नाही. कोन लावाल तशी फेक. हात बसायला तेवढे पुरे, आणि त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. एकलव्य तर मातीच्या मूर्तीसमोर शिकला.

मात्र १९६८ मध्ये न्यू जर्सीतल्या शाळकरी मुलांनी सुरू केलेल्या अल्टिमेट फ्रिस्बी या सांघिक खेळात सहसा पंचच नसतो. फाऊल खेळाडूंनीच सांगायचा, वाद आपसात मिटवायचा. ही सवय मोटारीसमोर कशी लागणार? त्यासाठी मैदानात हुज्जत घालणारा दुसरा कोणीतरी लागतोच.