दुखरा दात आणि शेजारधर्म



हृदयविकाराने आजारी असलेल्या बांधवासाठी मंडळीत प्रार्थना होते. हिरडीतून येणाऱ्या रक्ताविषयी मात्र कोणी बोलत नाही. दात दुखला की लवंग धरावी आणि कामाला लागावे, हीच आपली रीत. ही उपेक्षा केवळ निष्काळजीपणा आहे, की तिच्यात नीतीचाही प्रश्न आहे?

शरीर एक व अवयव पुष्कळ, हे पौलाने करिंथच्या मंडळीला समजावले. वैद्यकशास्त्रही तेच दाखवते. हिरड्यांचा जुनाट दाह मधुमेह आटोक्यात येऊ देत नाही, आणि मधुमेह तो दाह वाढवतो. तोंडातील जंतू रक्तात शिरले, तर सदोष झडपांच्या हृदयाला जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. हिरड्यांचे रोग असलेल्यांत हृदयविकार अधिक आढळतो. मात्र एकामुळेच दुसरा होतो, असे सिद्ध झालेले नाही.

आता छत्तीसगडात, भिलाईजवळच्या उतईकडे पाहा. त्या मुलखात गुडाखू घासण्याची सवय सर्रास आहे. तंबाखू आणि काकवी यांचा हा लगदा म्हणजे आपल्या मिशरीचेच भावंड. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ साली बंदी झाली. तरी गुडाखू तंबाखूचा पदार्थ म्हणून विकला जातोच. पहाटे मजुरीस निघणारी माउली तो बोटाने हिरडीला लावते. ठणका बधिर होतो, भूक मरते, दिवस निभावतो. पण त्याच बोटाने ती हिरड्यांचा नाश आणि कर्करोगाचा धोका ओढवून घेते.

कोणी म्हणेल, तोंडात जाणाऱ्या गोष्टीने माणूस विटाळत नाही, असे प्रभूनेच सांगितले आहे. खरे आहे, पण ते बोलणे न धुतलेल्या हातांच्या विटाळाविषयी होते, देहाच्या हेळसांडीला मुभा देणारे नव्हते. माणसाला विटाळवते ते अंतःकरणातून निघते, हा त्याचा रोख. मग त्या माउलीकडे पाहून ‘घाणेरडी सवय’ म्हणणारा आपला तिरस्कार कोठून निघतो?

तिने गुडाखू सोडावा, यात शंका नाही. परंतु दवाखान्यात जायचे तर तिची दिवसाची मजुरी बुडते. ती मजुरी आपल्यापैकी कोणी भरून दिली आहे काय? चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला दोष कोणाचा हे विचारले नाही. त्याने जखमा बांधल्या आणि उतारशाळेचा खर्चही दिला. वाचकहो, आपण आपले दात अवश्य जपावेत. पण शेजारणीचा ठणका ऐकू येईपर्यंत आपले कर्तव्य अर्धेच राहील.